सातवी तार

बोटावरचा घट्टा. कचऱ्याच्या डब्यात तोडलेल्या सहा तारा. आईचा फोन, "झाली का गं सही?" परीक्षेच्या अर्जाची मुदत उद्या दुपारपर्यंत.

वाकडे दात सरळ करायच्या शिक्षणाचं तिचं हे तिसरं, शेवटचं वर्ष. हाताने वाकवलेली तार विभागप्रमुख सरांनी पास केली, तरच परीक्षेला बसायला मिळणार होतं. मुलं सरांना पाठीमागे 'कटर' म्हणत, ते काही उगाच नाही. ते तार हातात घ्यायचे, नाक मुरडायचे आणि कट्‌कन तोडून टाकायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, "ते तुला कळत नाही, हेच कारण."

सातव्यांदा तिने तार पुढे केली. सरांनी ओझरती नजर टाकली आणि कटर चालवला.

"तार वाकवलीस की कान पिळलास तिचा? पुन्हा कर."

"नाही करणार, सर."

"काय म्हणालीस?"

"ही तुमची होती. काचेच्या कपाटातली, तुमच्या नावाच्या पाटीमागची."

सर हातातल्या दोन तुकड्यांकडे बघत राहिले. "मग कपाटात काय आहे?"

"कालपासून माझी आहे." तिने सहीचा कागद टेबलावर ठेवला आणि वर पेन ठेवलं.



त्याच दिवशी सकाळी दहा वाजता सरांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना त्या कपाटासमोर उभं करून, आतल्या तारेकडे बोट दाखवत सांगितलं होतं, "हात असावा तर असा."