पऱ्हाटीतला माणूस

आश्विन पौर्णिमेच्या सकाळी उंद्रीच्या विहारातून पदयात्रा निघाली. पुढे भंतेजी, मागे पांढऱ्या कपड्यांतली पन्नासेक माणसं. बारा कोसांत विखुरलेल्या विहारांपैकी पहिला दुपारपर्यंत गाठायचा होता. सगळ्यांत शेवटी गोजरबाई आणि तिची सून सुचिता.

नाल्याचा पूल ओलांडला की शेषरावाचं कपाशीचं शेत. गेल्या वर्षी इथंच, मजुरीनं कीटकनाशक फवारताना, गोजरबाईचा मुलगा, सुचिताचा नवरा प्रेम चक्कर येऊन पडला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून त्याला झाकूनच आणलं.

"आई, तिकडे पाहू नोका," सुचिता म्हणाली.

पण औषधाचा वास आला आणि गोजरबाईची मान वळलीच. डोक्याएवढ्या पऱ्हाटीत कुणी तरी पाठमोरं चाललं होतं. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल, उजवा खांदा जरा खाली. प्रेम असाच चालायचा.

ती रस्ता सोडून आत शिरली.

"प्रेम!"

माणूस थांबला. वळून त्यानं रुमाल खाली ओढला. शेषराव होता.

"पाटील, तुमी फवारून राह्यले?"

"मंग कोन फवारन? ह्या वावरात मजूर पाय ठेवत नाही आता. बीटी कपाशीले अळी लागत नाही म्हनत होते. पाहा, बोंडं पोखरून ठेवली."

बोलताना तो तिच्याकडे पाहत नव्हता. शेजारच्या ओळीकडे पाहत होता. तिथं कुणीच नव्हतं.

"गोजरबाई, तो आठी, ह्या वावरातच असते," तो हळूच म्हणाला. "मी फवारतो त्या ओळीच्या बाजूच्या तासात चालते. मी थांबलो का थांबते. बोलत काहीच नाही. त्याले घेऊन जा, माय."

गोजरबाईनं पऱ्हाटीचं झाड घट्ट धरलं.

"त्या रोजी तो म्हने, वारं उलटं हाय, उद्या फवारतो. मी आयकलं नाही," शेषराव म्हणाला.

प्रेमनं रुमाल बांधला नव्हता, त्याचीच चूक, असं वर्षभर गावात सांगत होता तो हाच शेषराव. गोजरबाईच्या ओठांवर शिवी आली. तेवढ्यात वाऱ्यानं त्याच्या हातातल्या चालूच राहिलेल्या नळीचा तुषार परत फिरवला आणि त्याच्या उघड्या तोंडावर आणून टाकला. त्यानं तो पुसलासुद्धा नाही.

"वारं आजबी उलटंच हाय, पाटील," ती म्हणाली. "घरी जा."

शेषराव पंपासकट मटकन खाली बसला.

मग ती त्या मोकळ्या ओळीकडे वळली.

"चाल बाप्पा," ती म्हणाली. "लई उन्हात राह्यला."

रस्त्यावर सारे खोळंबले होते. गोजरबाईची हाक तिथवर ऐकू आली होती. भंतेजींनी पाऊल उचललं, रांग हलली. गोजरबाई येऊन उभी राहिली तशी सुचितानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दोघींच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी बाजूला सरकून ती चालू लागली.