आधी जोडपी

चिपोका गावच्या चर्चमध्ये दर रविवारी नीतीचे धडे देणाऱ्या कॅस्टोनी मास्तरांना नको त्या जागी जखम झाली. दवाखान्यातली सिस्टर काही ऐकेना. "नुसतं तुम्हाला औषध देऊन काय उपयोग? बायकोलाही इंजेक्शन आणि गोळ्या हव्यात, नाहीतर दुखणं परत येईल. तिला घेऊन या. जोडप्यांचा नंबर आम्ही आधी लावतो."

आता एनेलेसीला, म्हणजे बायकोला, हे सांगायचं कोणत्या तोंडाने? मास्तरांनी सरळ बाजारातल्या नासिबेको मासळीवालीला गाठलं. दोन किलो साखरेच्या बोलीवर ती तासाभरापुरती त्यांची बायको झाली, निमूटपणे इंजेक्शनही टोचून घेतलं. आठवड्यात जखम बरी झाली.

महिन्याभरात परत उगवली. मास्तर साखर घेऊन पुन्हा मासळीबाजारात हजर.

"आज नाही जमायचं, मास्तर. दुकानात मी एकटीच आहे. आमचे हे कामावर गेलेत."

"तुझा नवरा? कामावर? तो तर दिवसभर आंब्याखाली सोंगट्या खेळत असतो!"

"तुमच्याच कृपेने लागला की कामाला! सकाळीच एक बाई साखर देऊन घेऊन गेली त्याला, दवाखान्यात नवरा म्हणून दाखवायला."

मास्तर चडफडत एकटेच दवाखान्यात पोचले. जोडप्यांच्या बाकावर नासिबेकोचा नवरा ऐटीत बसला होता आणि त्याच्या शेजारी, मान खाली घालून, एनेलेसी.

मास्तर पुढे धावले, तशी सिस्टर ओरडली, "ओ, एकटे आलेले मागे थांबा! आधी नवरा-बायको."