पिवळा पट्टा

कागदी पट्टा बोटभर रुंद होता: पूर्ण तिकिटाला निळा, सरकारी भत्त्यावर जगणाऱ्यांच्या सवलतीला पिवळा. वेल्सच्या किनाऱ्यावरल्या मत्स्यालयात डिलिस येणाऱ्यांच्या मनगटांवर तीन वर्षं तो बांधत होती आणि रोज घरी जाताना ठरवत होती, उद्या या रंगांबद्दल बोलायचं. आज मुलीला घेऊन आलेल्या एका बाईने फोनवर दाखवलेला भत्त्याचा पुरावा व्यवस्थापक कीथने मोठ्याने वाचला. घरभाडं, मुलीचं आजारपण, सगळं रांगेने ऐकलं. "आमच्या करांवर मासे बघा, मजा आहे बुवा," मागचा गृहस्थ म्हणाला. मुलीने हात मागे घेतला. "मला निळा हवा." "पिवळाच बांध, डिलिस," कीथ म्हणाला, "ओळखू यायला नको?" डिलिसने पिवळा पट्टा स्वतःच्या मनगटावर आवळला, मुलीला निळा बांधला. "इथल्या पगारात भागत नाही, कीथ. हाच भत्ता मीही घेते," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "यापुढे पिवळा मी कोणालाही बांधणार नाही."