सकाळची गोळी

सातची गोळी साडेअकरा वाजले तरी बायकोच्या मुठीतच होती.

वॉर्डच्या डॉक्टरने ती पहाटे स्वतः तिच्या हातात ठेवली होती. "डॉक्टरकीच्या पोरांची परीक्षा झाली की लगेच द्या. आधी दिलीत तर पापण्या उघडतील, आवाज मोकळा होईल, मग पोरं ओळखणार काय, कपाळ? असली केस दहा वर्षांत एकदा मिळते." ती हो म्हणाली. दीड महिना ज्याने खाट दिली, औषध दिलं, त्याला नाही कोणत्या तोंडाने म्हणायचं? जाता जाता त्याने ओठांवर बोट ठेवलं. "आणि आजाराचं, औषधाचं नाव काढायचं नाही. अळीमिळी गुपचिळी. तुम्ही बोललात तर एखाद्या पोराचं वर्ष बुडेल."

नवरा तर खुशीत होता. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. लोक त्याच्या दुकानात यायचे ते आपापल्या घड्याळाकडे पाहायला, त्याच्याकडे कोण पाहतो? आज त्याच्या खाटेला पुठ्ठा टांगला होता आणि त्यावर भला मोठा चारचा आकडा होता. "अगं, मी सातवीत दोनदा गटांगळी खाल्ली," सकाळी तो म्हणाला होता, "आणि आज बघ, मीच पेपर!" तेव्हा त्याला बोलता येत होतं. त्याचं सगळं गोळीवर चालायचं, किल्ली दिल्यासारखं. गोळी पोटात गेली की अर्ध्या तासात डोळे उघडायचे, मान ताठ व्हायची, जीभ सुटायची. तिचा जोर ओसरला की एकेक अवयव हात टेकायचा.

परीक्षा नऊची होती. परीक्षक दहाला उगवले, मग त्यांचा चहा झाला, मग एकमेकांची ख्यालीखुशाली झाली. मोठ्यांचं सगळंच मोठं, उशीरसुद्धा.

"बाबा, एका दमात मोजा बरं. जमेल तितकं." पहिला विद्यार्थी म्हणाला. काल गोळी घेऊन घड्याळजीने त्रेपन्नपर्यंत मजल मारली होती. आज एकतीसला दम संपला. दुसऱ्याच्या वेळी बावीस, आणि तेही नाकातून. तिसऱ्याने चौदा ऐकले आणि घोटभर पाणी पाजून पाहिलं. पाणी नाकावाटे परत आलं.

"पाहिलंत?" मुख्य परीक्षक इतर परीक्षकांकडे वळून म्हणाले. त्यांचा चेहरा फुलला होता. "पुस्तकातून उठून आल्यासारखी केस आहे. वा!"

बायकोने पदराने नवऱ्याची हनुवटी पुसली. मागे हजेरीचा कागद घेऊन उभ्या असलेल्या वॉर्डच्या डॉक्टरला तिने मूठ दाखवली. त्याने एक बोट वर केलं. एकच विद्यार्थिनी उरलीय. तिला त्याचा संताप आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. खड्ड्यात गेली परीक्षा, असं मनाशी म्हणून तिने मूठ नवऱ्याच्या तोंडाजवळ नेली. त्यानेच ती बाजूला सारली. हाताला जोर नव्हता, तरी सारली. पापणीच्या फटीतून तो तिच्याकडे पाहत होता. एवढ्यासाठी पोरांचं नुकसान कशाला, असंच काहीसं त्याला म्हणायचं असावं. भला माणूस होता, आणि भलेपणाची त्याला पहिल्यापासून खोड होती.

चौथ्या नंबरला एक मुलगी होती. "बाबा, मोजा."

"एक... दोन..." चार कुणालाच ऐकू आला नाही. सहाला ओठ नुसते हलले. मग मान छातीवर पडली. खांदे वर ओढले जात होते, पण छातीत काही शिरत नव्हतं. ओठांचा रंग जांभळट होऊ लागला.

"अहो साहेब, यांना श्वास पुरत नाहीये! ही गोळी—"

परीक्षकांनी पेन कागदावर आपटलं. "बाई! उत्तर फोडू नका. तिचं तिला येऊ द्या."

मागून वॉर्डच्या डॉक्टरने डोळे वटारले. कागद तोंडापुढे धरून त्याने पुन्हा ओठांवर बोट ठेवलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"सर," मुलगी घाबरून म्हणाली, "पेशंट खरंच..."

"पेशंटच्या तोंडावर उत्तर लिहिलेलं नाही. इकडे बघा. समजा, अशा माणसाचा श्वास थांबत आला. काय कराल?"

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. वर्षभर घोकलेलं सगळं तिला धडाधड आठवलं. "श्वासनळीत नळी घालायची, सर. मशीनवर घ्यायचं. ताबडतोब. एक मिनिटही थांबायचं नाही."

"किती?"

"एक मिनिटही नाही, सर."

"शाब्बास!" परीक्षकांनी मान डोलावली आणि सावकाश, सुवाच्य अक्षरात गुण मांडले. खाली सही केली. तारीख घातली.

बायकोने मूठ उघडली. घामाने गोळीचा चिखल झाला होता. तिने तो बोटाने नवऱ्याच्या जिभेवर लावला. जीभ हलली नाही. लाळेबरोबर तो चिखल ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आला आणि तिच्याच मनगटावर ओघळला.

घंटा झाली. सगळे पाच नंबरच्या खाटेकडे निघाले. जाता जाता परीक्षकांना तिची आठवण झाली. माणूस मनाचा चांगला होता. ते हसून म्हणाले, "झालं, बाई. आता बोललात तरी चालेल."