गोडमोसंबी डॉट इन

"चाळीस हजार," वंदना म्हणाली. "आत्ताच पाठवते. नाव आमच्याकडं करून द्या."

सोहेबनं आधी दुकानाबाहेर पाहिलं. तिची जीप लांब, कडुलिंबाखाली उभी होती. दारात एवढी जागा असताना लांब कशाला?

"ताई, खरं सांगा, कुणासाठी घेऊन राह्यल्या तुम्ही?"

"सांगितलं की. वाटूरकडचे आम्ही अकरा बागवाले. मोसंबी थेट पुण्याला पाठवतो. शनिवारी बॉक्स छापायला टाकायचेत, त्याच्यावर हे नाव पाहिजे. गोडमोसंबी डॉट इन."

अकरा बागवाले म्हणे! सोहेबचा एका शब्दावरही विश्वास बसला नाही.

टेंभुर्णीतल्या या दुकानात तो लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायचा, पण जीव सगळा दुसऱ्या धंद्यात. वर्षाला सात-आठशे रुपये भरून वेबसाइटची नावं आपल्याकडे घेऊन ठेवायची आणि ज्याला लागतील त्याला चढ्या भावानं विकायची. घेण्याचं काम त्याला छान जमलं होतं. तीन वर्षांत एकशे बारा नावं घेतली. विकलं एकही गेलं नव्हतं.

अब्बा, म्हणजे फकरोद्दीन, गुरांच्या बाजारातले जुने दलाल. त्यांनी शेवटची मुदत दिली होती. रमजान लागायच्या आत एक तरी नाव विकून दाखव, नाहीतर दुकानाला कुलूप आणि माझ्यासोबत बाजारात. रमजानला नऊ दिवस उरले होते. बैलांच्या शेपट्या पिरगाळत जन्म काढायची सोहेबची मुळीच तयारी नव्हती.

तरीही घाई करायची नाही, एवढं त्याला कळत होतं. बाजार कसा फसवतो हे ऐकतच तो मोठा झाला होता. मोठं गिऱ्हाईक फाटकी चप्पल घालून येतं. ज्याला बैल घ्यायचाच आहे, तोच बैलाला नावं ठेवतो. अब्बांचा भागीदार भुजंग तर अनोळखी माणूस बनून सौद्यात घुसायचा, बोली लावायचा, आणि खरं गिऱ्हाईक घाबरून हजार-दोन हजार जास्त मोजून जायचं. असल्या घरातल्या पोरानं एका जीपवाल्या बाईचं ऐकायचं?

"नव्वद," तो म्हणाला.

वंदनानं पर्स मिटली. "पंचावन्न. सगळ्यांना विचारून आले, त्याच्या वर न्हाई जमत. उद्या संध्याकाळपर्यंत कळवा, न्हाईतर दुसरं नाव बघू."

दुपारी जेवताना त्यानं घरात सांगितलं.

"दे डाल ना बेटा," अम्मी म्हणाली. "पचपन कौन देता?"

घरात दखनीच चालायची. पण धंद्याचा विषय निघाला की अब्बा मराठीवर यायचे, बाजाराची सवय.

"तोंड न्हाई, पाय न्हाई, शेपूट न्हाई," ते म्हणाले. "असल्या मालाला पंचावन्न हजार?" मालाचे दात मोजून वय कळलं पाहिजे, दहा पावलं चालवून बघता आलं पाहिजे, असं त्यांचं मत. हात धुऊन त्यांनी रुमाल खांद्यावर टाकला आणि ते बाहेर पडले. सोहेबला वाईट वाटलं. निदान आज तरी त्यांनी चेष्टा करायला नको होती.

पाच वाजता मेल आला. राजानंद, पुणे.

'ऐंशी हजार देतो. दुसऱ्या कुणाला देऊ नका. नावाचं वय किती आहे? एकदा चालवून दाखवा.'

सोहेब खुर्चीतून उठलाच. वय विचारणारा माणूस म्हणजे जाणकार! जुन्या नावाला या धंद्यात जास्त भाव असतो, आणि वंदनानं तर ते विचारलंही नव्हतं. त्यानं 'तीन वर्षं' असं कळवलं, एका पानावर मोसंबीचा फोटो टाकला आणि नाव चालू करून दाखवलं.

दहा मिनिटांत उत्तर आलं. 'पसंत आहे. उद्या बोलू.'

म्हणजे ऐंशीचा माल बाई पंचावन्नला उचलायला निघाली होती. मेलबद्दल त्यानं घरात चकार शब्द काढला नाही. पैसे हातात आले की अब्बांसमोर ठेवायचे, मग बोलायचं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता वंदनाचा फोन आला.

"काय ठरलं, दादा?"

"जास्त देणारा भेटलाय."

"कोण?"

"ते न्हाई सांगता येत."

"किती देऊन राह्यला?"

ही आकडा काढून घेतेय, सोहेबनं ओळखलं. "तुमच्यापेक्षा लई जास्त."

"साठ. वरचे पाच माझ्या पदरचे."

पदरचे! त्याला हसू आलं. "न्हाई जमणार, ताई."

"बरं. मंग आम्ही दुसरं घेऊन टाकतो. तुमचा सौदा चांगला होऊ द्या."

अर्ध्या तासानं त्यानं सहज तपासलं. मोसंबीवाले डॉट इन हे नाव सकाळपर्यंत मोकळं होतं. आता ते कुणीतरी घेतलं होतं. त्यानं लगेच राजानंदला लिहिलं, 'सौदा पक्का. टोकन पाठवा.' उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा लिहीत होता, तेवढ्यात अब्बा दुकानाची पायरी चढून आत आले.

तीन वर्षांत पहिल्यांदा. पानानं तोंड रंगलेलं, चेहरा खुललेला. स्टुलावर बसून त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि आपल्या हातावर पसरला. आजूबाजूच्यांना आकडा कळू नये म्हणून गुरांच्या बाजारात असाच, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो.

"हात दे," ते म्हणाले.

सोहेबनं हात रुमालाखाली घातला. अब्बांनी आधी पूर्ण पंजा दाबला. मग तीन बोटं.

"एकेक बोट दहा हजाराचं," ते डोळा मारून म्हणाले. "मेल भुजंगच्या पोरीनं लिव्हला. वय विचारलं, चालवून बघितलं, कुठं कसर न्हाई ठेवली. आता बोल जल्दी, बाई किती चढली?"