फाटकासमोरची अँब्युलन्स

ऑरविलने अँब्युलन्स कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. वायरलेस गप्प होता. कुठूनही कॉल आलेला नव्हता. आणि समोरचं घर रोझॅनचंच होतं.

"मी कॉफी विसरले, तर तुम्ही घरी घेऊन आलात?" रोझॅनने विचारलं.

ऑरविल हसला नाही. त्याने काच खाली केली आणि खिशातून सूर्यफुलाच्या बियांची पुडी काढली. रोझॅनचं हसू जागच्या जागी विरलं. ही पुडी कधी निघते, ते एव्हाना तिला ठाऊक झालं होतं.

ऑरविल थॉर्सन या गावात अँब्युलन्स चालवायचा आणि शवपेट्याही विकायचा. दोन्ही कामं बापाकडून आलेली. न्यू जर्सीत वर्षानुवर्षं पॅरामेडिक म्हणून राबलेली रोझॅन साउथ डकोटात आली, तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "म्हणजे माझ्या हातून निसटलं, तरी गिऱ्हाईक तुमच्याकडेच!" ऑरविलला ते आवडलं होतं. त्याची एक सवय मात्र तिच्या अंगावर काटा आणायची. गावातलं कुणी अधूनमधून सहज त्याच्या दुकानात डोकावे, एखाद्या पेटीवरून हात फिरवे आणि भाव न विचारता निघून जाई. दुसऱ्या दिवशी ऑरविल अँब्युलन्स घेऊन त्या घरासमोर थांबायचा. बिया सोलत बसायचा. आणि कॉल यायचा, त्याच घरातून.

"तुम्हाला पुढचं दिसतं का हो?" तिने एकदा विचारलं होतं.

"मला काय दिसणार? त्यांना दिसतं. मी नुसता जाऊन बसतो. इथून हॉस्पिटल तासाभराच्या वाटेवर आहे, पोरी. तुमच्या न्यू जर्सीसारखं कोपऱ्यावर नाही."

मिसेस ग्रेबनर त्यामुळेच वाचल्या होत्या. दाढ दुखते म्हणून कण्हत होत्या, अंग घामाने निथळत होतं. दुखणं निघालं हृदयाचं. अँब्युलन्स फाटकातच उभी होती, म्हणून बाई सुनेला टोमणे मारायला उरल्या.

रोझॅनने घराकडे पाहिलं. घरात तिचा म्हातारा बाप, लेऑन, एकटा होता.

"पप्पा आले होते तुमच्याकडे?"

"काल दुपारी."

"पेट्या बघितल्या?"

"निळी बघितली. बराच वेळ हात ठेवून उभे होते."

तिने राज्य बदललं ते लेऑनसाठीच. आई गेल्यावर म्हातारा तिसऱ्या मजल्यावर एकटा राहायचा. हृदय अशक्त असेल अशी तिला धास्ती, आणि डॉक्टरचं नाव काढलं की दार लावून घ्यायचा. इथे तिला बैठं घर परवडलं. सामानाची निम्मी खोकी अजून फोडायची होती. आठवडाभर ती एकटीच ती ओढत होती. पाठ धरली होती, खांद्यातून जबड्यापर्यंत ठणका लागला होता, डोळ्याला डोळा लागत नव्हता. लेऑन मदतीला आला की ती खेकसायची, "तुम्ही बसा, पप्पा! तुम्ही नुसते जिवंत राहा, बाकीचं मी बघते."

खिडकीचा पडदा हलला. लेऑन काचेपाशी उभा होता. त्याने हात केला नाही. सुटलेल्या गाडीकडे फलाटावरून बघावं, तसा तो रोझॅनकडे बघत होता.

"पोरी, जरा ऐक..." ऑरविल म्हणाला.

ती केव्हाच खाली उतरली होती. मागचं दार उघडून तिने ईसीजीचं मशीन ओढलं.

"दे, मी घेतो."

"सोडा!"

मशीन कधी एवढं जड लागलं नव्हतं. पायऱ्या चढताना तिला दोनदा थांबावं लागलं. आत जाऊन तिने म्हाताऱ्याला खुर्चीत दाबून बसवलं, शर्टाची बटणं तोडल्यासारखी उघडली आणि छातीवर तारा चिकटवल्या.

"अगं, मला काय झालंय? आणि हात केवढे गार तुझे! मेल्यासारखे."

"बोलू नका, पप्पा. हलू नका."

कागद सरकत बाहेर आला. तिने तो वाचला. पुन्हा वाचला. रक्तदाब घेतला, नाडी धरली. सगळं ठीक होतं. नुसतं ठीक नव्हे, एखाद्या तरण्याताठ्या माणसाला शोभेल असं.

"काही झालेलं नाही," ती म्हणाली. रडू यायचं तिथे तिला हसू फुटलं. "ऑरविल, बघा! एकदा तरी चुकलात!"

कुणी हसलं नाही. लेऑनने बाही पुढे केली आणि लहानपणी पुसायचा तसा तिच्या कपाळावरचा घाम पुसला. बाही भिजली.

"तुझी आईही हेच म्हणायची," तो म्हणाला. "काही झालेलं नाही. शेवटचे चार दिवस हाच राखेसारखा चेहरा घेऊन घरभर फिरत होती."

रोझॅन वळली. ऑरविलने स्ट्रेचर आत आणून तिच्या मागेच उभं केलं होतं. चादर उलगडलेली होती. त्याने सावकाश वाकून म्हाताऱ्याच्या छातीवरच्या तारा काढायला सुरुवात केली.

"काल दुकानात त्यांनी मला उंची सांगितली, ती तुझी होती, पोरी," तो म्हणाला. "आडवी हो."