कोपराची खूण

“माझे हात मी मांडीखाली दाबून बसलेय बघ. गाठ तुझी तू सोड. सुटली तर तुझी, नाही सुटली तर नाडीची!”

लहानपणी बुटाच्या नाडीची गाठ सोडायला शिकवताना आत्या असं म्हणायची, आणि खरंच गप्प बसायची. आंधळी भाची कितीही चाचपडो, आत्याची खुर्ची एकदासुद्धा करकरायची नाही.

भाची आता इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. आत्याचा आवाज तिला आज आठवला तो प्रशिक्षणाच्या खोलीत. कानांवर हेडफोन, बोटं कळफलकावर आणि शेजारी अगदी खेटून नवरा.

“काय ताई, करू या सुरू?” समोरच्या टेबलावरून प्रशिक्षण देणारी तरुण मुलगी म्हणाली. धडा तिने बनवला होता. इस्पितळाचे फोन यापुढे संगणकावरून जोडायचे, ते शिकवणारा धडा. ज्यांना दिसत नाही त्यांनाही जमावा म्हणून तिने हौसेने त्यात बोलणारा आवाज घातला होता. आजची चाचणी शेवटची. मग धडा सगळ्या शाखांतल्या ऑपरेटरांकडे जाणार आणि सोमवारी त्यावरच परीक्षा. जमली तर फोनची खुर्ची राहील, नाहीतर गोदामात पाकिटं चिकटवायची.

“हिला काय विचारता?” नवरा म्हणाला. “घरी इतक्यांदा केलाय की आता मीच झोपेत फोन जोडतो. परवा शेजारीण साखर मागायला आली, तर म्हटलं थांबा, हाडांच्या विभागात जोडून देतो.”

मुलगी खळखळून हसली. ऑपरेटरही हसली. न हसावं तर त्याने लगेच विचारलं असतं, काय गं, बरं नाही का?

“नातेवाइकाला अपघात विभागाशी बोलायचं आहे. योग्य बटण निवडा.” इथवर हेडफोनमधली बाई झकास बोलली. ऑपरेटरने कळ दाबली.

“बटण,” बाई म्हणाली.

पुढची कळ.

“बटण.”

आणखी पुढची.

“बटण.”

कशाचं बटण, ते त्या बाईलाही कुणी सांगितलं नव्हतं. बटणांवर फार गोड चित्रं आहेत, असं नवरा म्हणाला होता. असतील. चित्रांची नावं आवाजात घालायची तेवढी राहून गेली होती. बाईचं बोलणं हेडफोनच्या आतच राहत होतं, आणि मुलीपुढच्या पडद्यावर उमटत होतं ते नुसतं उत्तर, बरोबर की चूक.

तेवढ्यात कोपराला नवऱ्याचा अंगठा लागला. हलकासा. हेच.

रस्त्यात खड्डा आला, दुकानात कुणी आडवं आलं, की तो असा अंगठा टेकवायचा. शब्द नाही, ओढाताण नाही. फुलावर माशी बसावी इतकाच भार. इतक्या वर्षांत तो अंगठा त्याचा त्यालाही कळेनासा झाला होता. लबाडी त्याच्या मनातही नव्हती. बायकोपुढे अडचण आली की त्याचा अंगठा आपसूक पुढे जायचा.

तिने बटण दाबलं. बरोबर. पुढचा प्रश्न. बटण, बटण, अंगठा. बरोबर. मागच्या चाचणीलाही असंच झालं होतं, आणि घरी येताना तो सगळी वाट शीळ घालत होता.

“सोमवारी मलाही आत सोडतील,” तो तिच्या कानाशी पुटपुटला. “दारावरचा माणूस आपल्या ओळखीचा आहे.”

“अय्या, सगळी बरोबर!” मुलीने टाळी वाजवली. “ताई, एकही चूक नाही! म्हणजे धडा पक्का जमलाय. थांबा, आत्ताच तपासला म्हणून पुढे पाठवते.”

टेबलावर माऊस सरकला.

“पाठवू नका,” ऑपरेटर म्हणाली.

माऊस थांबला.

“हा धडा मी अजून एकदाही केलेला नाही. यांनी केलाय. माझं नुसतं कोपर होतं.”

“अगं, काहीतरीच काय?” नवरा कसनुसं हसला. “मी आपलं सहज...”

तिने हेडफोन काढून समोर धरले. “घ्या. डोळे मिटा आणि अपघात विभागाला फोन जोडून दाखवा.”

मुलगी टेबलाला वळसा घालून आली. कळ वाजली. पुन्हा वाजली. मग बराच वेळ वाजलीच नाही.

“अगं बाई!” ती हळूच म्हणाली. “मी आवाज घातला, पण डोळे मिटून कधी ऐकलाच नाही.” हेडफोन खाली ठेवल्याचा आवाज झाला. “पण ताई, मागच्याच वेळी का नाही सांगितलंत?”

शेजारची खुर्ची मागे सरकली. राग आला की तो असाच सरकायचा.

“म्हणजे केलं तेही चुकलंच आमचं,” नवरा म्हणाला. “बरंय. उद्यापासून हात लावणार नाही. कुठे पडलीस-बिडलीस तर मला हाक मारू नकोस.”

तिने तोंड त्याच्या आवाजाकडे वळवलं.

“अहो, आपल्या जिन्याच्या पायऱ्या लग्न झालं त्याच वर्षी पाठ झाल्यात मला. तुमचा अंगठा लागेपर्यंत मी रोज मुद्दाम थांबते.”